लावणी उरकली, आता वहीतले नांगे भरा



आषाढ सरला. महाड-पोलादपूरच्या खाचरांतली लावणी एकदाची उरकली. वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरीही लागली. आता चार दिवस पाठ टेकायला सवड आहे. एरवी या सदरात आपण करपा, खोडकिडा, खताचा दुसरा हप्ता असे विषय घेतो. आजचा विषय निराळा आहे, पण शेताबाहेरचा मुळीच नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या पहिली ते पाचवीच्या मुलांविषयी. या सत्रात ती शाळेत काय शिकताहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरची तारीख बघतो. खताच्या गोणीत काय आहे ते दुकानदाराला विचारतो. पोराच्या दप्तरात काय आहे, हे मात्र सहसा कोणी बघत नाही. "शाळेत जातो ना, झाले तर!" एवढ्यावर आपण समाधान मानतो.

कोकणात शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पहिले सत्र दिवाळीपर्यंत चालते. आपला खरीपही तेवढाच. पाटी आणि पेरणी एकाच पावसात सुरू होतात, आणि तिथेच घोटाळा होतो. लावणीच्या दिवसांत तान्ह्याला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते. रोपांच्या मुठी पोचवायला, गुरे वळवायला भाऊ लागतो. त्यात ओढा भरला की पलीकडच्या वाडीतली मुले अडकून पडतात. असे करता करता दहा-पंधरा दिवस कसे गेले ते कळतही नाही.

दहा-पंधरा दिवसांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या खाचरातच आहे. लावणीनंतर काही चूड मरतात, काही वाहून जातात. तिथे नांगा पडतो. आपण आठ-दहा दिवसांच्या आत त्याच वयाचे रोप लावून तो भरतो. महिन्याने भरला तर ते रोप बाकीच्यांबरोबर पोसवत नाही आणि कापणीला हिरवेच राहते. शिक्षणाचेही तसेच आहे. हातच्याची बेरीज ज्या आठवड्यात झाली त्या आठवड्यात मूल बांधावर होते, तर पुढे गुणाकार आला की ते गोंधळते. गुणाकार कच्चा म्हणून भागाकार येत नाही. दिवाळीला गुणपत्रक बघून आपण म्हणतो, "याचे डोकेच चालत नाही." डोके चांगले असते. आषाढातला नांगा भरायचा राहिलेला असतो.

म्हणून आधी इयत्तेप्रमाणे काय चालले आहे ते बघू, आणि मग नांगे कसे भरायचे ते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. पहिलीचे पुस्तक 2025 च्या जूनपासून बदलले. तेव्हा धड्याचे नाव किंवा क्रमांक इकडचा तिकडे होईल, पण शिकायचे मूळ तेच राहते.

पहिली-दुसरी : अक्षर आणि आकडा

या दोन वर्षांत मूल अक्षर ओळखते, शब्द जोडते, लहान वाक्य वाचते. आपल्या घरातली बोली आणि पुस्तकातली भाषा यांत फरक असतो. कातकरी वाडीतल्या लेकरासाठी तर तो फार मोठा असतो. मूल घरच्या बोलीत बोलले म्हणून त्याला हसू नये. जे घरात बोलता येते तेच पुढे कागदावर उतरते.

आकड्यांची एक गंमत सांगतो. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावन्न' बरोबर 'पन्नास दोन' असेही वाचायला दिले होते. त्यावरून वर्तमानपत्रांत वाद झाला, विधिमंडळातही बोलणे झाले. गणिताच्या ज्येष्ठ अभ्यासक डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी त्याची बाजू समजावून सांगितली. मराठीत आपण 'बावन्न' म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि पन्नास मागून. लिहिताना मात्र 5 आधी येतो. त्यामुळे पुष्कळ मुले बावन्न ऐकून 25 लिहितात. हा दोष मुलाचा नसतो. आपल्या अंकांची नावेच तशी आहेत.

यावर घरचा उपाय सोपा आहे. केरसुणीच्या हिराच्या काड्या घ्या. दहा-दहा काड्यांची जुडी बांधा, जशी आपण रोपांची मूठ बांधतो. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या म्हणजे बावन्न. चार दिवस हा खेळ केला की दशक आणि एकक डोक्यात पक्के बसतात. याला पैसा लागत नाही, आणि मोठ्या माणसाला लिहिता-वाचता यायलाच हवे असेही नाही.

तिसरी : आपला जिल्हा, आपले पाणी

तिसरीला परिसर अभ्यास येतो. दिशा, नकाशा, पाणी, अन्न आणि आपला जिल्हा. बालभारतीने तिसरीसाठी प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे पुस्तक काढले, त्यात रायगड जिल्ह्याचेही निघाले. 1 जानेवारी 1981 पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, हे आजोबांना आठवत असेल. त्यांनी ते नातवाला सांगावे. आज जिल्ह्यात 15 तालुके आहेत. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाड करीत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुंबईतल्या मुलाला हे पाठ करावे लागते. आपल्या मुलाला घाटाकडे तोंड करून उभे केले की पूर्व समजते आणि पाठीमागे समुद्राची पश्चिम.

त्याला सांगा, "आपल्या घराचा, खाचरांचा, विहिरीचा, ओढ्याचा आणि शाळेचा नकाशा काढ." त्या नकाशात आणखी एक खूण करायला लावा : पाऊस फार झाला तर आपण कुठे जायचे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. तेव्हा वरती महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. वरचे पाणी सावित्रीने खाली आणले आणि महाड शहर बुडाले.

आता हे मिलिमीटर म्हणजे काय, ते तिसरी-चौथीच्या मुलाकडून शिकून घ्या. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा झाडापासून आणि वळचणीपासून दूर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजपट्टी उभी धरून पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटरांहून जास्त पाणी झाले. हवामान खाते चोवीस तासांतल्या 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणते, 115.6 पासून अति जोरदार, आणि 204.4 च्या वर गेला की अत्यंत जोरदार. रेडिओवर किंवा मोबाईलवर आकडा आला की घरातले मूलच सांगेल, की आज डोंगराखाली झोपायचे की नाही.

जमिनीला नवी भेग, झाडे किंवा खांब कललेले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ, दारे-खिडक्या अडकू लागणे, ही लक्षणे मुलांनाही ओळखता आली पाहिजेत. असे काही दिसले तर पोलीस पाटलांना, सरपंचांना कळवावे आणि घर सोडावे. सामानाचा विचार मागाहून.

चौथी : इतिहास दाराशी, गणित खाचरात

चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास हा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विषय. त्या पुस्तकातली अर्धी नावे आपल्या शेजारची आहेत. 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला तो रायगड महाड तालुक्यातला. जिजामातेची समाधी पायथ्याच्या पाचाडला. सिंहगडावर 4 फेब्रुवारी 1670 ला पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातले. प्रतापगडाकडे जाणारी वाट आंबेनळी घाटाने आपल्या पोलादपुरातूनच चढते. आणि महाड शहरातले चवदार तळे, जिथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे ओंजळीने सांगितले. पाणी सर्वांचे आहे हा धडा शिकायला याहून मोठी शाळा कुठली? पाऊस उघडला की दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मुलांना यांतल्या एका तरी ठिकाणी न्यावे. चालत नेले तर आणखी बरे.

आता गणित. चौथी-पाचवीला गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, लांबी, वजन, परिमिती, क्षेत्रफळ हे सारे येते. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती. त्यांना पाव आणि पाऊण समजावून सांगायला गुरुजींची वाट बघावी लागणार नाही. आजी पायली आणि शेर पुढे ठेवील. चार शेरांची पायली, तर एक शेर म्हणजे पाव पायली. अपूर्णांकाचा धडा इथेच निम्मा झाला.

चारसूत्री भातलागवड आपल्यापैकी काही जण करतात. दोरी धरून 25 आणि 15 सेंटिमीटरचे अंतर आळीपाळीने ठेवायचे आणि 15 बाय 15 च्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट खोल खोचायची. एका गुंठ्याला किती ब्रिकेट लागतील? आपण दुकानदाराला विचारतो. पाचवीच्या मुलाला विचारून बघा.

25 आणि 15 मिळून 40. म्हणजे एक ब्रिकेट 40 गुणिले 40, एकूण 1600 चौरस सेंटिमीटर जागेला. एका आरात 100 चौरस मीटर, म्हणजे 10,00,000 चौरस सेंटिमीटर. दोन्हींतली दोन-दोन शून्ये काढली की उरले 10,000 भागिले 16. उत्तर 625. एका आराला 625 ब्रिकेट. एक ब्रिकेट 2.7 ग्रॅमची, तर वजन झाले पावणेदोन किलोला थोडे कमी. हेक्टरला 62,500 ब्रिकेट, सुमारे 170 किलो. कृषी खाते जो आकडा सांगते तो हाच, आणि तो आपल्या पोराने वहीच्या अर्ध्या पानावर काढला. गुंठा आराहून किंचित मोठा, म्हणून सात-आठ ब्रिकेट जास्त धरायच्या. यंदाची लावणी झाली आहे, पण हिशेब आजच करून ठेवा. पुढच्या जूनला कामाला येईल.

सातबाऱ्याचेही असेच. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. 0.22.00 लिहिले असेल तर ते 22 आर, म्हणजे सुमारे पावणेबावीस गुंठे. हे ज्या घरात एकाला तरी वाचता येते, त्या घराची जमीन कोणी सहज फिरवू शकत नाही.

वाचनाचा आणखी एक उपयोग सांगतो, तो जिवाचा आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. डब्याला मुलांनी हात लावू नये, हे पहिले. पण ज्याला वाचता येते त्याच्याकडून माहितीपत्रक मोठ्याने वाचून घ्यावे : किती पाण्याला किती औषध, फवारणीनंतर किती दिवस कापणी करायची नाही. दुसरी-तिसरीत वाचन पक्के झाले असेल, तर हे काम मूल आनंदाने करते. आणि त्याला कळते की शाळेत शिकलेले घरात चालते.

हे नवे नाही

कोणी म्हणेल, शाळेत शेती कशाला आणि शेतात शाळा कशाला? 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि आरोग्याचे चार धडे द्यावेत, असे त्यांनी मागितले होते. ज्याने शेतसारा भरला त्याच्या लेकराला त्याच्या उपयोगाचे शिक्षण मिळावे, असा त्यामागचा रोख होता. आज ते मागणे बरेचसे पुस्तकात आले आहे. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांतून परसबागाही आहेत. पाठ्यपुस्तक मोफत मिळते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य धरलेले असते. सरकारकडून यायचे ते बरेचसे वाडीपर्यंत येते. मूल त्या दिवशी शाळेत असले पाहिजे, हा भाग आपल्याकडचा आहे.

आणि आता ढिलाई चालायची नाही. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधा हिशेब करता यावा, असे 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत योजनेचे उद्दिष्ट आहे. शिवाय 2023 पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम आला. नापास झाल्यास पुन्हा एक संधी मिळते, पण त्यातही राहिले तर मूल त्याच वर्गात राहते. पहिलीपासूनचे न भरलेले नांगे पाचवीला एकदम दिसतात.

नांगे भरण्याची चार सूत्रे

पहिले सूत्र. याच आठवड्यात शाळेत जा. गुरुजींना किंवा बाईंना सरळ विचारा, "आमचे पोर लावणीत किती दिवस नव्हते, आणि त्या दिवसांत काय शिकवून झाले?" हजेरीपटावर सारे असते. ते दोन-तीन धडे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. विचारायला संकोच करू नका. पालक आपणहून आला की शिक्षकालाही हुरूप येतो.

दुसरे सूत्र. वर्गातल्या सोबत्याची वही आणून राहिलेली पाने उतरवून घ्यायला लावा. मात्र नुसते उतरवणे पुरे नाही. एक उदाहरण त्याने तुमच्यासमोर सोडवले पाहिजे.

तिसरे सूत्र. रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास मुलाने दहा ओळी मोठ्याने वाचायच्या आणि काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगायचे. आईला वाचता येत नसले तरी अडत नाही. भाकरी थापताना तिने ऐकायचे आणि विचारायचे, "मग पुढे काय झाले?" अडखळले कुठे ते तिला बरोबर कळते. त्या अर्ध्या तासात मोबाईल आणि टीव्ही बंद.

चौथे सूत्र कापणीचे. आश्विनात भात पिकेल आणि सत्राची परीक्षाही त्याच सुमारास येईल. लावणीला जे झाले ते कापणीला होऊ नये म्हणून आतापासून ठरवा. वाडीतल्या पाच-सहा घरांनी सावडीने काम करावे. पाळीपाळीने एका घरच्या आजीने सगळी लहानगी सांभाळावी. तीन वर्षांवरची अंगणवाडीत बसतात. म्हणजे थोरल्या बहिणीला घरी ठेवायला कारणच राहत नाही. मी मुद्दाम बहिणीचे नाव घेतो, कारण घरात अडचण आली की पहिली शाळा तिचीच बुडते. तिची वही कोरी राहिली तर पुढच्या पिढीत दिव्यापाशी बसून ऐकणारी आईही वहीकडे बघून गप्पच राहील.

जी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बाहेरगावी कामाला जातात, त्यांनी निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून मुलाचे शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. ते दाखवले की जिथे जाल तिथल्या शाळेत मूल बसू शकते आणि परत आले की आपल्या शाळेत त्याची जागा राहते.

शेवटी वाडीची गोष्ट. आपल्या डोंगरवाड्यांतली किती घरे मुंबईला गेली, हे मी सांगायला नको. शाळांचा पट घटला आहे. कुठे दहा मुले, कुठे त्याहूनही कमी. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा शिक्षणहक्काचा नियम आहे. पण पटावर नाव आणि वर्गात जागा रिकामी असे चालले, तर ती शाळा हवी आहे हे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? भरलेला वर्ग हाच शाळा टिकवण्याचा सर्वांत मोठा अर्ज.

गणपतीला चाकरमानी येतील. येताना ते पोरांसाठी खाऊ आणतात. त्यांना या वेळी एक-दोन गोष्टीची पुस्तके आणि एक चांगली मोजपट्टी आणायला सांगा. मोजपट्टी पावसाच्या डब्यालाही लागणार आहे.

आज संध्याकाळी एवढेच करा. दप्तर उघडा, वही बघा, आणि लेकराला शेजारी बसवून विचारा, "आज काय शिकलास, मला दाखव." लेक असेल तर तिलाही तसेच विचारा. पहिल्या दिवशी ती लाजतील. चार दिवसांनी आपणहून वही घेऊन येतील.

पुढच्या अंकी भातावरच्या करप्याविषयी आणि दुसऱ्या हप्त्याच्या खताविषयी बोलू. तोवर पावसाची वही सुरू झाली असेल, अशी आशा करतो.

कळावे.